खळ्यावरचं मातेरं

लालासाहेबांच्या खळ्यावर त्या दिवशी ना बैल होते, ना त्यांना बांधायचा तिवड्याचा खांब. यंत्रं विकणाऱ्या सांगलीच्या आप्पासोनं मळणीची दोन यंत्रं आणून उभी केली होती. एकाच्या ड्रमावर लोखंडी पट्ट्या, दुसऱ्याच्या ड्रमावर बोटाएवढे खिळे. एकाच रानातला गहू दोन्हीत घालायचा आणि जे पसंत पडेल ते लालासाहेब घेणार. निम्मं गाव बघायला लोटलं होतं. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो!

कडेला राहीबाई सूप मांडीवर घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती या खळ्यावर राबत आली होती. मळणी झाली की भुसकटात आणि मातीत राहिलेला दाणा, म्हणजे मातेरं, ते तिचं. तसा रिवाजच होता. मालकानं कधी तिकडं वळूनही बघितलं नव्हतं. दुष्काळात घरानं रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी चावल्या, आणि त्याच भाकरीवर सून आता भरल्या दिवसांची झाली होती. "बाळंतपणात तुला गव्हाची खीर घालीन," असा शब्द राहीबाईनं तिला दिला होता. हा गहू यायचा मातेऱ्यातूनच.

यंत्रं धडधडली. पट्ट्यांच्या ड्रमातून भुसकट जाडंभरडं पडलं, मधे मधे अर्ध्या ओंब्या तशाच. खिळ्यांच्या ड्रमानं मात्र भुसा मैद्यागत केला. त्यात ओंबी औषधालाही राहिली नाही. राहीबाईनं भुशात हात घालून बघितला. हे दुसरं यंत्र घेतलं तर तिच्या वाट्याला नुसता धुरळा.

लालासाहेबांनी हाक मारली, "राहे, तुझ्यागत सूप गावात कुनाचं न्हाई. दोनी ढिगातली येक येक पाटी पाखड. कुठं किती दाना वाया जातुय, बगू."

"व्हय जी, मालक."

पट्ट्यांच्या ढिगातली पाटी तिनं ओंब्या चोळून सुपात घेतली. मनगट जरा ढिलं सोडलं की दाणा भुसकटाबरोबर मातीत जाणार, रास कमी दिसणार आणि पट्ट्यांचं यंत्र खोटं ठरणार नाही. पहिल्या झटक्याला तिनं तसंच केलं. आप्पासोला महागाचं खिळ्यांचं यंत्र खपवायचं होतं, त्याचं बरोबर लक्ष होतं.

"मालक, म्हातारीचं हात थकल्यात. दाना मातीत चाललाय बगा!"

लोक फिदीफिदी हसले. आईमाईवरून शिवी दिली असती तर राहीबाईनं गिळली असती, पण सुपाला नावं ठेवलेली तिला सोसवेना.

"हात थकलं न्हाईत, दादा. आता बगा."

आणि मग ती अशी पाखडायला लागली की भुसकट उडावं आणि दाणा जागचा हलू नये. पट्ट्यांच्या पाटीतून चांगली रास पडली, खिळ्यांच्या पाटीतून चिमूटभर. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला रास बघून कळलं.

पण लालासाहेबांनी खिळ्यांच्या यंत्रातला गहू मुठीत घेतला आणि त्यांचं तोंड कडू झालं. "आप्पासो, ह्यो गहू हाय का कन्या? निम्मा फुटलाय. रहिमतपुरात व्यापारी दारात उबा करंल का मला? पट्ट्यांचंच ठरलं."

देव पावला! राहीबाई उठली आणि रिवाजाप्रमाणं रास भरून घ्यायला तिनं पदर पसरला.

"थांब गं."

आयुष्यात पहिल्यांदा लालासाहेब मातेऱ्यापुढं उकिडवे बसले. दाण्यांतून बोटं फिरवत म्हणाले, "येका पाटीत एवडा? मग समद्या भुसकटात किती आसंल! आन आमी ह्ये दरसाल आसंच सोडत हुतो?"

"मालक, त्यो रिवाज हाय..."

"बैलांच्या मळनीचा रिवाज त्यो. आता यंतर आलं. उद्यापास्नं समदं भुसकट तूच पाखडायचं. रोजगार दीन. दाना मातर घरात आला पायजे. तुज्यासारकी पाखडनारी मिळायची न्हाई."

गावानं तिलाच नशीबवान म्हटलं. बसल्या जागी काम मिळालं, तेही मालकाच्या तोंडून वाखाणून!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती घरी आली. सून दारातच म्हणाली, "आत्याबाई, गव्हाचा वास येतुय वं."

राहीबाईनं अंगणात उभं राहून लुगडं झटकलं. भुसकट पडलं, धुरळा पडला. दाणा एकसुद्धा पडला नाही, तिचं सूपच तसं होतं.