सहदेवच्या नावाची वडी

मित्रांनो, मी मेणाची एक जुनी वडी आहे. वडी म्हटल्यावर लगेच जिभल्या चाटू नका. माझ्यात खोबरं नाही की साखर नाही. आगपेटीहून लहान माझा जीव. निळ्या प्लास्टिकच्या चौकटीत मला बसवलंय आणि माझ्या पोटात मसुराच्या दाण्याएवढा माणसाच्या अंगाचा तुकडा आहे. अंधेरीच्या एका तपासणी-प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटाच्या चौदाव्या खणात माझा मुक्काम असतो. तिथली शिकलेली माणसं मला ब्लॉक म्हणतात. म्हणू देत. दगडाला म्हणतात तसं नाव मला नको. मी वडीच.

तुकडा सहदेव नावाच्या गृहस्थांचा. जन्म कोकणातला, राहणं कांदिवलीत. आधी गिरणीच्या रंगखात्यात, मग एका रंगाईच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. हात कोपरापर्यंत निळे, आणि त्या निळ्या बोटांत विडी. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. डॉक्टरांनी नळीतून दुर्बीण घालून पाहिलं, लघवीच्या पिशवीत गाठ सापडली, ती खरवडून काढली आणि तिच्यातला एक तुकडा इथे पाठवला.

मला घडवलं पद्मजाने. ती इथली तंत्रज्ञ. तिने तो तुकडा औषधाच्या पाण्यात मुरवला, स्पिरिटमध्ये बुचकळून त्यातला ओलावा काढला, मग त्याच्यावर वितळलेलं मेण ओतून मला थंड पाट्यावर निजवलं. चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहिला. नाव नाही, नुसता आकडा. मग यंत्रावर चढवून माझे काप काढले, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते काचेवर रंगवून डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, "झकास कापलंयस, पद्मजा." कौतुक तिचं झालं. कापली गेले मी.

कॅन्सर आहे, पण पिशवीच्या मांसात उतरलेला नाही, असा निकाल लागला. माझं काम संपलं, मला खणात टाकलं. सहा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. पद्मजाने मात्र खोलीतली गार हवा कधी बंद पडू दिली नाही, एवढं तिचं मला मान्य केलं पाहिजे. नाहीतर मुंबईच्या मे महिन्यात मेणाची काय पत्रास!

यंदा सहदेवांची गाठ पुन्हा आली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंपुढे पेच पडला. पिशवी ठेवून तिच्यात औषध सोडत राहायचं, की आख्खी पिशवीच काढून टाकायची? ठेवली आणि रोग मांसात उतरला तर माणूस हातचा जाईल. काढली आणि गरज नसली तर पोटावर लघवीची थैली लावून जन्म काढायचा. नव्या गाठीचा तुकडा इतका बारीक निघाला होता की तपासाला पुरेना. म्हणून त्यांनी मला मागवलं.

आता माझ्यात असं काय आहे, ते ऐका. आपल्या अंगातल्या कणाकणात कामांची यादी लिहिलेली असते. तिला तुमच्या पुस्तकात जनुकं म्हणतात. समजा, ती फळीवर मांडलेल्या बरण्या आहेत. रोगाला आवर घालणारं औषध एका बरणीत आहे. कोणी त्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, तर आतलं औषध नासत नाही, पण हातही पोचत नाही. विडीच्या धुराने, रंगाच्या पाण्याने, कधी नुसत्या वयाने असे दादरे बांधले जातात. कुठल्या बरण्या बांधल्या गेल्यात ते मोजलं, की रोग पुढे शांत बसेल की उसळेल, याचा अंदाज येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या दादऱ्यांच्या खुणा मेणात वर्षानुवर्षं टिकतात. मी जपल्या होत्या.

मला न्यायला सहदेवांची बायको मालनबाई आल्या. चौथीत शाळा सुटलेली, पण घरची किल्ली कमरेला. सून जान्हवी नोकरीला अंधेरीतच, ती म्हणाली होती, "आई, मी घेऊन येते ना जाता जाता." त्यावर उत्तर मिळालं, "तू छत्री तीनदा विसरलीस गो. ह्यांचा तुकडा तुझ्या हाती देऊ?"

खिडकीवर पद्मजाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मालनबाईंनी पदर सावरला. "आमचे हे."

"हो, पण नाव काय, मावशी?"

पंचेचाळीस वर्षं ज्यांचं नाव ओठांवर आणलं नाही, ते आता खिडकीत उभं राहून घेणार होय! त्यांनी सहदेवांचं आधार कार्ड काढलं आणि काचेवर आपटलं. "वाच. डोळे आहेत ना?"

पद्मजाने मला छोट्या डबीत घातलं, झाकण घट्ट लावलं. "सोमवारी इस्पितळात द्या. उन्हात ठेवू नका. दुसरा तुकडा नाहीये हां, मावशी."

घरी गेल्यावर प्रश्न पडला, ठेवायची कुठे? देवाजवळ चालणार नाही, चुलीजवळ चालणार नाही. अंगाचा तुटलेला भाग घरात ठेवत नाहीत, तो पाण्याला नाहीतर मातीला द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. मालनबाईंनी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि त्यांना सगळा उलगडा झाला. सहा वर्षं रोगाचं बी कपाटात जपून ठेवलंय, मग रोग परत येईल नाहीतर काय होईल? डॉक्टरांना हवंय काय, तर कागद. कागदांची तर चार किलोची फाइल घरात आहे. तुकडा कशाला? कोणाला विचारायची त्यांना सवय नव्हती.

रविवारी सकाळी रिक्षाने त्या गोराईच्या जेट्टीवर गेल्या. खाडीला भरती लागली होती. शेवटच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हळद वाहिली, डोळे मिटले आणि मला फेकलं. डबीसकट. डबी उघडून आतला नवरा पाहायचा त्यांना धीर झाला नाही. नेमकी त्यामुळे मी वाचले. हवाबंद डबी बुडते कशाला? भरतीच्या पाण्याने मला झुलवत झुलवत पुन्हा पायऱ्यांकडे आणलं.

तिथे चंपा नावाची कोळीण माशांची पाटी धूत बसली होती. तिने मला उचललं. "अगो बाय, तुझी डबी पडली!"

"पडली नाही, सोडली."

"काय हाय त्यात?"

"माझ्या नवऱ्याचा तुकडा. आजाराचा."

चंपाने डबी हातभर लांब धरली. "आणि खाडीत टाकतेस? वा गो वा! हितली बोय मासळी तो तुकडा खाणार, ती बोय मी पकडणार, आणि उद्या कांदिवलीच्या बाजारात तूच माझ्याशी भाव करून ती घेणार. नवऱ्याचंच कालवण नवऱ्याला वाढशील!"

मालनबाईंनी माशांच्या पाटीकडे पाहिलं, मग डबीकडे. त्या पायरीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोटाला थैली लावायची म्हणतात गो. ह्यांना कोणाची मदत घ्यायची सवय नाही."

"जिवंत असला तर लावशील ना थैली? मेल्यावर काय, हार लावशील." चंपाने डबी पदराने पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "डॉक्टरनी मागितला तर दे त्याला. खाडीला आमची घाण काय कमी हाय?"

घरी येऊन मालनबाईंनी मला पाण्याच्या पिंपाशेजारी, गारव्याला ठेवलं. त्यांच्या पदराला खाडीचा वास येत होता. जान्हवीने विचारलं, "आई, कुठे गेला होतात?"

"मासे बघायला."

"मग आणले नाहीत?"

"नव्हते बरे."

त्यानंतर तीन महिने त्या घरात बोय शिजली नाही. का, ते कोणालाही कळलं नाही. तुम्हाला कळलंय, बाहेर बोलू नका.

सोमवारी मी इस्पितळात पोचले. तिथे माझे आणखी काप निघाले, खुणा मोजल्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "ही तपासणी नवी आहे, ही काही ज्योतिष नव्हे. पण जुन्या तुकड्यातल्या खुणा वाईट आहेत, आणि गाठही परत आलीय. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. माझा सल्ला, पिशवी काढा. आत्ता, रोग मांसात उतरायच्या आधी."

मालनबाई म्हणाल्या, "काढा."

"अगं, थैली माझ्या पोटावर लागणार आहे," सहदेव म्हणाले.

"आणि बदलणार कोण आहे? मी. मग मी बोलेन."

मित्रांनो, मी गोड बातमी दिली नाही. मला गोड बोलायला घडवलेलंच नाही. मी खरं ते सांगितलं, वेळेत सांगितलं. पिशवी निघाली. रोग मांसाच्या दारापर्यंत आला होता, आत शिरला नव्हता. सहदेव आता सदऱ्याखाली थैली बांधून सकाळी बाजारात जातात. सांडली तर शिव्या खातात, मग दोघं मिळून चहा पितात.

मला परत करायलाही मालनबाईच आल्या. मी आता निम्मी उरलेय. पद्मजाने मला हातात घेतलं, आकडा पुसट झालेला पाहिला आणि रजिस्टर ओढलं.

"थांब," मालनबाई म्हणाल्या. "आकड्यांत आमची वडी हरवेल. नाव लिही."

"सांगा ना, मावशी. की कार्ड देता?"

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. त्यांच्यामागे रांग होती, सगळी ऐकत होती. मालनबाई एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने म्हणाल्या, "सहदेव. सहदेव भिवा पालव. नीट लिही, आणि उन्हात ठेवू नकोस."

चौदाव्या खणात आता माझ्यावर नाव आहे. तुमच्याही घरातल्या कोणाची अशी एखादी वडी कुठल्यातरी कपाटात असेल. तिला फेकू नका, तापवू नका, आणि तिची गरज संपली असं आपल्या मनाने ठरवू नका. मागितली की द्या. गोड लागणार नाही कदाचित. पण विचारलंत, तर खोटं बोलणार नाही.