तांदळात लिहिलेलं नाव

"जानकी, गरम पाणी." दाढीचा साबण तोंडाला फासत गोपाळरावांनी रोजच्यासारखी सुनेला हाक मारली. झाशीच्या सीपरी बाजारातल्या त्या घरात तीन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यांच्या बायकोला, अनुसूयाबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सुनेचं माहेरचं नाव आभा. ग्वाल्हेरची पोर, शिकलेली डॉक्टर. लग्नात त्यांच्या मुलानं, मंदारनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'जानकी' लिहिलं, ते ताट अनुसूयाबाईंनीच धरलं होतं. झाशीत आठ पिढ्या गेल्या, पोरं घरातसुद्धा हिंदी बोलायला लागली, पण ही रीत मात्र कुणाला सोडवली नाही. त्यात तहसिलीत कारकुनी केलेले गोपाळराव. त्यांनी आधार, लग्नाची नोंद, मूल निवासाचा म्हणजे अधिवासाचा दाखला, सगळीकडे जानकी करून टाकलं.

आता आभाला राज्याच्या कोट्यातून एम.डी.ची जागा मिळाली होती, बालरोगाची. प्रवेश समितीनं कागद पाहिले आणि शेरा मारला: डिग्री आभाची, दाखला जानकीचा, उमेदवार अपात्र. ती हायकोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, नाव बदलताना हजर असलेल्या सासरच्या माणसाचं शपथपत्र सोमवारपर्यंत आणा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. आज शनिवार होता.

"बाबा, एक सही हवी होती," आभानं कागद पुढे केला.

"आभा नावाचं या घरात कुणी नाही." गोपाळरावांनी पेपरातून मान वर केली नाही. "सून कोर्टात गेली, मोहल्लेवाले क्या कहेंगे? आणि तीन वर्षं हॉस्टेलात राहणार, तर इथं चूल कोण बघणार?"

आलं पोटातलं ओठावर. अडचण नावाची नव्हतीच, चुलीची होती.

मंदार मोबाइल चाळत बसला होता. "बाबा बरोबर बोलताहेत. पुढच्या वर्षी बघू," म्हणाला. आणि हा म्हणे सात जन्मांचा जोडीदार.

"पुढच्या वर्षीही दाखल्यावर जानकीच असेल ना?" आभा म्हणाली.

"ज़बान चालवू नकोस," गोपाळराव कडाडले. " एवढं असेल तर माहेरी जाऊन हो आभा."

अनुसूयाबाई पोळ्या लाटत होत्या. खोटं कशाला सांगायचं, सकाळपर्यंत त्याही नवऱ्याच्याच बाजूच्या होत्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असंच त्यांना वाटायचं. पण हे शेवटचं वाक्य त्यांच्या काळजात रुतलं. त्यांनी गॅस बंद केला आणि हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, माझं माहेरचं नाव काय होतं?"

"हे काय मध्येच?"

"सांगा ना. अंगठी तर तुमच्याच हातात होती."

तहसिलीतल्या जुन्या फायलींचे नंबर तोंडपाठ सांगणारे गोपाळराव छताकडे बघत राहिले. "चाळीस वर्षांमागचं कोण लक्षात ठेवतं?" अखेर ते पुटपुटले.

"मी ठेवलंय." अनुसूयाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "चल गं आभा."

ऑटोत आभानं हळूच विचारलं, "आई, काय होतं हो नाव?"

"देविका." एवढंच बोलल्या आणि त्यांना रडू फुटलं. इतक्या वर्षांत ते नाव त्यांनी स्वतःही कधी उच्चारलं नव्हतं. आभानं त्यांचा हात नोटरीची कचेरी येईपर्यंत सोडला नाही.

"माताजी, आप कैसे जानती हैं कि दोनों एक ही हैं?" नोटरीनं विचारलं.

"थाली मैंने पकड़ी थी, भैया. गलती में मेरा भी हाथ है, यह भी लिख लो."

सोमवारी कोर्टानं आभाला पात्र ठरवलं, जागा तिचीच राहिली. संध्याकाळी ती बॅग भरत होती. मंदार दारात उभा राहून बघत होता, मदतीला काही आला नाही. बाहेरच्या खोलीतून गोपाळरावांची हाक आली, "जानकी, पाणी आण."

आभा उठायला लागली. अनुसूयाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"त्या नावाचं या घरात कुणी नाही," त्या म्हणाल्या. "माठ तिथंच आहे, घ्या हातानं."