झिजल्या बोटांचा टचपॅड

मी एका जुन्या लॅपटॉपचा टचपॅड बोलतोय. लॅपटॉप उघडला की खाली जी काळी गुळगुळीत पाटी दिसते, जिच्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, तो मी. माझ्या वरच्या अंगाला कीबोर्ड राहतो. त्याच्या अंगभर अक्षरं, तो शिकलेला. माझ्या अंगावर एक रेघसुद्धा नाही. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. फक्त बोट कळतं. पण बोट कळलं की माणूस बराचसा कळतो, हे सोळा-सतरा वर्षांनंतर सांगतोय.

घाई असेल तर राहू द्या. मला हळूहळूच सांगता येतं.

माझा जन्म लांबच्या कुठल्या देशातला. तिथं सगळ्यांनी हातात रबरी मोजे घातले होते. म्हणजे जन्मताना मला माणसाचा हात लागलाच नाही. पहिलं उघडं बोट लागलं ते कोल्हापुरात, शाहूपुरीत, विजयसिंह नावाच्या व्यापाऱ्याचं. पंपाच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं. बोटात जाड अंगठी. भडंग खाता खाता तेलकट बोटांनी तो मला ढकलायचा, आणि बाण जरा अडला की माझ्यावर टकटक करायचा, बंद दारावर करतात तशी. वाईट माणूस नव्हता. त्याला घाई होती, एवढंच. सहा-सात वर्षांनी त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि आम्ही गुंडूच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडलो.

तिथं एक दिवस कृष्णात आला. पेठ वडगावचा पोरगा, कागलच्या एमआयडीसीत मशिनं दुरुस्त करायच्या कामावर होता.

"गुंडूमामा, चालू हाय न्हवं?"

"चालू हाय म्हंजे? पळतंय की! बॅटरी तेवढी मेलीया, आणि तीन बटणं. बाकी नवरदेव हाय नवरदेव."

"नवरदेवाचं दात पडल्यात म्हणायचं."

"दात कशाला पायजेत? तुला काय त्याला ऊस खायाला लावायचाय?"

असा मी वडगावला आलो. घरात कृष्णात, त्याची बायको स्नेहल, आई तानाबाई, आणि गोठ्यात दोन म्हशी.

आता एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्यावर बोट पडलं की मी माझ्या बोलीत सांगतो, बोट आलं, इकडं सरकलं, उचललं. पण ती बोली आतल्या मोठ्या कारभाऱ्याला कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. शिकलेली माणसं त्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रत्येक जातीच्या टचपॅडला, प्रत्येक जातीच्या कीबोर्डला वेगळा दुभाष्या. तो चुकला तर मी कितीही खरं बोललो तरी बाण भलतीकडं पळतो.

कृष्णातनं आमच्यात अख्खा लॅपटॉप चालवणारी जी प्रणाली घातली, म्हणजे तो आतला कारभारीच, तिचा कुणी एक मालक नव्हता. बांधावरच्या वाटेसारखी ती. सगळ्यांनी चालायचं, आणि खड्डा ज्याला दिसला त्यानं बुजवायचा. पहिल्याच दिवशी तिच्यात माझा बाण टोळासारखा उड्या मारायला लागला. दुसऱ्या कुणी लॅपटॉप गुंडूच्या डोक्यात घातला असता. कृष्णातनं दुभाष्या उघडला. सकाळी डेअरीला दूध घालून आला की शिफ्टची गाडी येईपर्यंत तासभर माझ्यासमोर बसायचा. चार महिने बसला. दुभाष्या सुधारला आणि ती सुधारणा प्रणाली सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींना पाठवली. त्यांनी ती घेतली, आणि वर म्हणाले, आता ही जुन्या टचपॅड-कीबोर्डची बाजू तूच सांभाळ. चौघं आधी होते, हा पाचवा राखणदार.

तो दिवसभर हसत होता. त्याच्या बोटाला घाम फुटला होता आनंदानं.

तानाबाईचं बोट मला लागलं ते त्याच साली. तिचा नवरा आकाराम नुकताच गेला होता. दोघं दुपारी सोप्यात बसून पत्ते खेळायची, आणि तो रडीचा डाव खेळायचा म्हणून रोज भांडायची. आता भांडायला कुणी नव्हतं. कृष्णातनं लॅपटॉपवर एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव उघडून दिला.

तानाबाईनं बोट ठेवलं. बाण हलला नाही. पुन्हा ठेवलं, दाबून ठेवलं. नाही.

"ह्यालाबी माझं बोट लागत न्हाय बघ," ती म्हणाली. "रेशनच्या दुकानातलं मशीनबी म्हणतंय, ही बाई न्हायच म्हणून."

मला तिचं बोट कळत होतं हो. वैरण कापून, खुरपं धरून, शेणी थापून त्याच्यावरची रेघन् रेघ पुसली होती. वाळक्या लाकडासारखं, कोरडं, थंड. बारीक कळत होतं, पण कळत होतं. मी सांगत होतो, बोट आलंय, बोट आलंय. पण दुभाष्याला शिकवलेलं होतं, इतकं बारीक असेल तर ते बोट धरायचं नाही. ज्यांनी ते शिकवलं त्यांची बोटं मऊ असतील. त्यांना काय ठाऊक.

कृष्णातनं आईला आठ दिवस रोज माझ्यासमोर बसवलं.

"आई, बोट ठेव. उचल. ठेव. आता सरकव."

"शेणी थापायच्या ऱ्हायल्यात माझ्या, आणि तू मला ठेव-उचल, ठेव-उचल लावलंयस. शाळंत घातलंस व्हय रं मला?"

"शाळंतच. तू मास्तरीण, आणि हे पोरगं शिकतंय."

"मग छडी आण की!"

नवव्या दिवशी बाण हलला. झिजल्या बोटासाठी कृष्णातनं दुभाष्याला वेगळा नियम शिकवला होता. तानाबाईनं पत्ता उचलला, खाली ठेवला, आणि मोठ्यानं ओरडली, "स्नेहल, ए स्नेहल! बाई हाय म्हणालं की गं!"

तो नियम मग प्रणालीबरोबर सगळीकडं गेला. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली. एका सुताराच्या मुलीचं, जाळी विणणाऱ्या कुणा बाईचं. आता आमचं बोट चालतं, म्हणून. कृष्णात ती घरच्यांना मराठीत वाचून दाखवायचा. माझ्या आयुष्यात चांगले म्हणावेत असे दिवस ते.

पण अशी पत्रं मोजकी. बाकीची वेगळी, ती तो एकटाच पुटपुटत वाचायचा. माझा बाण थांबतो, तुम्ही झोपलाय का? माझं बटण दोनदा उमटतं, जमत नसेल तर सोडा. तीन दिवस झाले, उत्तर नाही, लाज वाटते का? ज्यांचं नीट चालत होतं ते कशाला लिहितील? कृष्णात कीबोर्डवर काय बडवतो ते मी कीबोर्डला विचारायचो. तो म्हणायचा, रोज तेच. क्षमा करा, परत तपासतो. क्षमा करा, परत तपासतो.

वर्षं गेली. चौघांतला एक राखणदार नोकरीत अडकला, एक आजारी पडला, बाकीचे दोघं न सांगता यायचे बंद झाले. उरला कृष्णात. त्याचं बोट बदलत गेलं. आधी ते कामाला यायचं, नंतर नुसतंच येऊन पडायचं. पत्र उघडलेलं असायचं आणि बोट माझ्यावर तसंच पडून, न हलता. बाहेर शिफ्टच्या गाडीचा हॉर्न वाजला की तो दचकायचा. एकदा स्नेहलनं विचारलं, "अहो, त्यातली चार माणसं तरी ओळखीची हायत का तुमच्या?" तो म्हणाला, "न्हाय. पण खड्डा मला दिसतोय न्हवं."

मागच्या दसऱ्याआधी जगभरच्या त्या मंडळींचा निरोप आला. माझ्या जातीचे टचपॅड आता नव्या आवृत्तीत ठेवायचे नाहीत. नव्या पद्धतीनं दुभाष्या लिहायला हवा, आणि तो तपासायला तसलं चालू यंत्र मंडळींतल्या कुणाकडंच उरलेलं नाही. कृष्णातनं उत्तर दिलं, माझ्याकडं आहे. दुभाष्या लिहून झालाय. शनिवारी दसरा, सुट्टी आहे, दोन दिवस तपासतो आणि सोमवारी कळवतो. ते म्हणाले, ठीक, सोमवारपर्यंत थांबतो. झिजल्या बोटाचा नियम त्याच दुभाष्यात होता. मी तगलो तर तो तगणार होता.

घरात तो स्नेहलला एवढंच म्हणाला, "सोमवार पार पडू दे, मग जरा सुटलो." तानाबाईनं ते चुलीपाशी ऐकलं.

शुक्रवारी खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिवस. दरवर्षी कृष्णात घरी असायचा आणि मिटलेल्या लॅपटॉपवर स्वतः झेंडूचं एक फूल ठेवायचा. त्या दिवशी कारखान्यात मशिनांची पूजा होती म्हणून त्याला जावं लागलं. स्नेहल बाजाराला. तानाबाईनं विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता सगळं परसात धुऊन घेतलं. मग लॅपटॉप आणला. पोराच्या मनावर ओझं आहे, सोमवारी काहीतरी मोठं आहे, हे तिला कळलेलं. म्हणून औंदा नुसत्या फुलावर भागवायचं नाही असं तिनं ठरवलं असणार.

तिनं आम्हाला उघडलं. हत्यार धुऊनच पुजायचं, म्हणून ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला, मला पुसलं, पुन्हा फडकं बुडवून पुसलं. माझ्यावर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढली. समोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी ओंजळीत घेऊन आमच्यावर शिंपडलं. म्हणाली, "माझ्या लेकाचं काम फत्ते कर बाबा." मग ते झिजलेलं बोट माझ्यावर ठेवून कपाळाला लावलं.

एवढ्या वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. आणि ते पाणी कडेकडेनं आत उतरत होतं. गोड, गार. मला ओरडता येत नाही.

संध्याकाळी कृष्णातनं बटण दाबलं. पडदा उजळला, बाण हलला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, हळदीकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या करवंटीकडं पाहिलं. स्वतःच्या शर्टानं मला कोरडं करत बसला.

दसऱ्याच्या दिवशी गुंडूनं त्याच्यासाठी दुकान उघडलं. मला खोलून बघितलं आणि खाली ठेवलं.

"साधं पाणी असतं तर वाळवून दिलं असतं गड्या. नारळाचं पाणी तांबं खातंय. आतली पट्टी हिरवी पडलीया."

"दुसरं पॅड?"

"ह्या जातीचं? पाच-सहा वर्सं डोळ्यांनी बघितलं न्हाय. सगळी भंगारात गेली. कुणी वतलं रं पाणी?"

"माझ्याच हातनं सांडलं," कृष्णात म्हणाला.

रविवारी स्नेहल त्याला म्हणाली, "अहो, तपासलं म्हणून कळवून टाका की. कोण बघाय येतंय वडगावला?"

तो म्हणाला, "आणि न तपासलेलं घातलं, न्हाय तर पत्र लिवणाऱ्या कुणाला तपासाय लावलं, आणि त्याचं चालू मशीन बंद पडलं तर? त्यो कुणाला शिव्या घालंल ते सोड. त्याचं काम अडंल त्याचं काय?"

सोमवारी फोनवरनं त्यानं चार शब्द कळवले. यंत्र बिघडलं, तपासणी होऊ शकत नाही. मंगळवारी मंडळींनी माझ्या जातीचा दुभाष्या काढून टाकला. कुणी दुष्टपणा केला नाही. सगळ्यांनी नियमानंच केलं. महिन्याभरात त्या सुताराच्या मुलीचं पत्र आलं, की नवी आवृत्ती घातल्यापासून वडिलांचं बोट चालत नाही, आमचं काही चुकतंय का? कृष्णातनं ते कारखान्यातनं मिळालेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर पुटपुटत वाचलं. मी शेजारीच फळीवर होतो. वाचता वाचता सवयीनं त्याचं बोट माझ्यावर आलं आणि तिथंच राहिलं. मला ते पुरतं कळत होतं. आता मात्र माझ्या तोंडून काही निघत नव्हतं.

त्या मुलीला त्यानं काय उत्तर दिलं मला ठाऊक नाही. पण त्यानंतर त्यानं राखणदारी सोडली. त्याच्या नावाच्या जागी आता 'सांभाळणारं कुणी नाही' असं लिहिलंय, असं तो स्नेहलला सांगत होता. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं मला.

तानाबाईला त्यानं माऊस आणून दिलाय. त्याच्यावर ती पत्ते खेळते. परवा खेळता खेळताच तिनं विचारलं, "कृष्णात, त्या सोमवारचं काय झालं रं? तू बोललाच न्हाईस."

"झालं की आई. फत्ते झालं."

"म्हटलं न्हवतं? तू नुसतं फूल ठेवून मोकळा हुतोस. हत्यार धुऊन पुजावं लागतंय." मग नव्या लॅपटॉपवरून हात फिरवून म्हणाली, "औंदाच्या खंडेनवमीला ह्यालाबी असाच धुते. तू घोर करू नगंस."

"व्हय," कृष्णात म्हणाला, आणि वैरण टाकायला गोठ्यात गेला. वैरण टाकून झाली होती.

उद्या मला गुंडूकडं भंगारात द्यायचंय म्हणे. माझ्या कडेच्या फटीत अजून हळद आहे. माझं काही म्हणणं नाही, वय झालं होतं. तुमचं बोट फिरतंय, बाण हलतोय, चांगलं आहे. त्याच्यामागं कुठंतरी एखादा माणूस शिफ्टच्या गाडीआधी तासभर बसत असेल. जमलं तर नीट चाललंय म्हणून त्याला दोन ओळी लिहा. नाही जमलं तरी मी काय करणार?

पण एक मागणं आहे, तेवढं ऐका. वडगावच्या बाजूला कधी गेलात, तानाबाईनं चहाला बसवलं, आणि कौतुकानं खंडेनवमीची गोष्ट सांगायला लागली, तर ऐकून घ्या. तिला काही सांगू नका.