हुज्जतीची उजळणी

थोरली आणि धाकटी जुळ्या. थोरली घटकाभर आधी जन्मली म्हणून थोरली, एवढंच. परीक्षा उंबऱ्याशी आल्याशिवाय दोघी पुस्तकाला हात लावायच्या नाहीत. "तहान लागली, आता विहीर खणा," आई शिलाई मशीनवरून म्हणायची. मग दोघी समोरासमोर बसून भांडायच्या. एकीने उत्तर सांगायचं, दुसरीने "कशावरून?" म्हणून अडवायचं. त्या हुज्जतीतूनच गणित डोक्यात शिरायचं.

बारावीच्या गणिताच्या पेपरला धाकटी तापाने फणफणली होती. तेवढ्या एका विषयात ती राहिली. थोरली पास होऊन दूरच्या विद्यापीठात गेली.

पुढच्या वर्षीची फेरपरीक्षा तोंडावर आली तशी धाकटी एकटीच टेबलाशी बसू लागली. उदाहरण सुटलं की सवयीने मान वर करायची. समोरच्या खुर्चीवर आता आईने शिवायच्या कपड्यांचा ढीग रचला होता. फोन केला तर थोरली म्हणायची, "माझंही घोडामैदान जवळ आलंय गं. नंतर बोलू?"

पेपर सोमवारी होता. शनिवारी पहाटे धाकटीने पुस्तक पिशवीत कोंबलं, आईला सांगितलं आणि बस पकडली.

वसतिगृहाच्या जिन्यातच थोरलीचा आवाज कानावर आला. "कशावरून? सिद्ध करून दाखव!"

धाकटी वर आली. खोलीचं दार उघडंच होतं. थोरली कॉटवर मांडी ठोकून बसली होती आणि समोर एक चष्मेवाली मुलगी हातवारे करत तिला काहीतरी पटवत होती.

"अगंबाई, तू!" थोरलीने तिला कडकडून मिठी मारली. "बस हं थोडा वेळ. एवढा भाग संपवू दे आम्हाला."

धाकटी खिडकीशी बसून राहिली. त्यांचं बोलणं तिला ओ की ठो कळत नव्हतं. भांडणाची चाल मात्र पाठ होती.

चष्मेवाली जेवायला गेली तेव्हा थोरलीने पुस्तक ओढलं. "कुठे अडलंय?"

"संभाव्यता."

थोरलीने उदाहरण वाचलं. पुन्हा वाचलं. "मी हे पार विसरले गं."

"चेष्टा करू नकोस."

"आईशप्पथ. तूच सांग मला."

"दोन पिशव्या आहेत, दोन्हीत वेगवेगळे चेंडू," धाकटीने नाइलाजाने सुरुवात केली. "आधी कोणती पिशवी उचलली ते बघायचं."

"पण का?"

थोरलीला खरंच कळत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. धाकटी समजावत गेली. अडलं तिथे मागे आली, पुन्हा पुढे गेली. उत्तर बरोबर आलं.

"तुला तर सगळं येतंय," थोरली म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. तिला रडू येत होतं.

संध्याकाळी थोरली बसपर्यंत सोडायला आली.

"सुट्टीत येशील ना?" धाकटीने विचारलं.

"तेव्हा प्रोजेक्ट आहे गं. बघते."

धाकटी चांगल्या मार्कांनी पास झाली. प्रवेश मात्र भलत्याच शहरात मिळाला. तिथल्या पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी थोरलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"जेवलीस?" थोरलीने विचारलं.

"जेवले की," धाकटी म्हणाली, आणि फोन कानाशी धरून तशीच उभी राहिली.