टेबलाच्या खालची बाजू

लोक परगावी गेले की बागा बघतात, किल्ले बघतात. आम्ही खुर्च्या बघतो.

आमचे हे सुतार. एकेका टेबलावर महिनोन् महिने घालवणारे. त्यामुळे कुठेही गेलो की तिथल्या फर्निचरच्या गॅलऱ्या पालथ्या घालायच्या, आणि आत शिरलं की वस्तूचं तोंड सोडून आधी बूड बघायचं. खण ओढून त्याची मागची बाजू, खुर्ची कलती करून तिचं पोट. "समोरून काय, सगळेच गोड दिसतात," असं म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. मी लक्ष देत नाही.

या खेपेला मात्र पाणी कुठेतरी मुरत होतं. शहरातल्या लहानमोठ्या सगळ्या गॅलऱ्या झाल्या. कोरीव कपाटं झाली, वेताच्या आरामखुर्च्या झाल्या, एक लिहायचं मेज तर असं की बोट लावलं की खण आपसूक आत जातो. यांनी हूं की चूं केलं नाही. आणि ज्या गॅलरीसाठी एवढ्या लांब आलो, जिथे यांनी केलेलं जेवणाचं मोठं टेबल यांच्या नावाची पाटी लावून मांडलंय, तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलं की यांना नेमकी चहाची तलफ यायची. शेवटच्या दिवशी मी चहा संपू दिला आणि सरळ विचारलं.

"अहो, स्वतःच्याच टेबलाला कसले घाबरताय?"

"चिरलं असेल गं ते," हे म्हणाले.

मग सगळं बाहेर पडलं. हवा कोरडी झाली की लाकडाची रुंद फळी आकसते. म्हणून खालच्या आडपट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. यांनी घाईघाईत गोल भोकं पाडून स्क्रू घट्ट आवळले होते. अशी जखडलेली फळी आकसायला लागली की मधोमध फाटते. ही चूक लक्षात आली तेव्हा टेबल कधीच इथे पोचलं होतं. आणि इथली हवा अशी की माझे ओठ पहिल्याच दिवशी फुटले.

"मग फोन करून विचारायचं!"

"काय विचारू? नमस्कार, माझं टेबल फाटलं का हो?"

यावर मला हसू आलं, पण यांचा चेहरा बघून गिळलं. यांच्या नावाने मांडलेली ही पहिलीच वस्तू. शिवाय त्या टेबलापायी घरात जे झालं ते मला ठाऊक होतं. ते न्यायला ट्रक आला तो दिवसच वाईट. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, आणि टेबल गुंडाळायला आत गेलेले यांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊजी, काही केल्या बाहेर येईनात. यांचा राग नाकावर. चार लोकांसमोर नाही नाही ते बोलले. एक टेबल गुंडाळायला दिवस लागतो, तुझ्याच्याने आयुष्यात काही होणार नाही, असलं. भाऊजी मूग गिळून बसले. टेबल ट्रकवर चढवलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच कारखान्यात जायला लागले. जन्मभर शेजारी उभं राहून रंधा मारलेले दोघे भाऊ, त्यानंतर एकमेकांशी शब्द नाही. यांनीही हत्यारं पुसून ठेवून दिली. भाऊ गेला, आता नावही जाणार, मग लाकूड तासायचं कशाला, असं यांचं गणित.

"चला," मी म्हटलं. "फाटलं असेल तर डोळ्यांनी बघू. रोज मनात फाटतंय ते तरी थांबेल."

गॅलरी उजेडाने लख्ख होती. टेबल मधल्या दालनात, मोठ्या खिडकीसमोर. मीच पुढे झाले, कारण हे दारातल्या एका स्टुलाचं फारच कौतुक करायला लागले होते. फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. कुठे रेघ नाही.

"अहो, या! अखंड आहे!"

यांनी बोटं फिरवली, मान वाकडी करून उजेडात बघितलं. विश्वास बसेना. "असं कसं होईल," म्हणाले, आणि मी अहो अहो म्हणेपर्यंत टेबलाखाली आडवे झाले. बाहेर फक्त बूट उरले. गॅलरीतली मुलगी धावत आली.

"काकू, काकांना बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटेल बहुतेक," मी म्हटलं. "त्यांनीच केलंय ते टेबल."

गुडघ्यांना शिव्या देत मीही खाली वाकले. हे मोबाईलच्या उजेडात आडपट्टीकडे बघत पडले होते आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

"भोकं लांबट आहेत," हे म्हणाले. "सगळीच्या सगळी. कोणीतरी एकेक स्क्रू काढून पटाशीने लांबवलीयत. आणि स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा बघ, सगळ्या एका रेषेत. असं कोण करतं माहितीये ना?"

माहीत होतं. ही खोड भाऊजींची. जे कोणी कधी बघणार नाही, तिथेसुद्धा स्क्रूच्या खाचा नीट जुळवून ठेवायच्या. ट्रक दारात असताना ते आत काय करत होते, ते माझ्या डोक्यात लख्खकन उजाडलं. जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

यांनी टेबलाखालूनच फोन लावला.

"अरे, मी बोलतोय. टेबलाखाली आहे."

पलीकडून भाऊजींचा आवाज, मला ऐकू येण्याइतका. "चिरलं नाही ना, दादा?"

"नाही रे. तू सांगितलं का नाहीस? मी इतकं बोललो, तेव्हा तरी सांगायचंस!"

"सगळे होते ना तिथे. ड्रायव्हर होता, आपले कारागीर होते. त्यांच्यासमोर तुझी चूक कशी काढू?"

यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. मी फोन काढून घेतला.

"भाऊजी, वहिनी बोलतेय. परवा आम्ही घरी पोचतोय. तुम्ही आपल्या कारखान्यात या."

"दादा बोलावतोय का, वहिनी?"

मी वाकून बघितलं. खालच्या धुळीने यांचे केस पांढरे झाले होते, बाहीने नाक पुसणं चाललं होतं.

"बोलता येत नाहीये त्यांना," मी म्हटलं. "पण मान हलवतायत. जोरजोरात."