एका गुणाचा मोसम

एप्रिलपासून बोग्ना एकवीस शर्यती धावली होती आणि तिच्या नावापुढे एकवीस भोपळे होते. अगदी खरं बोलायचं तर भोपळे सतराच. उरलेल्या चार चौकोनांत शेरे होते: दोनदा पडली, एकदा बाद ठरली, एकदा इंजिनानं मान टाकली. तिच्या व्हेर्बिन गावात रविवारी सामन्याला आलेला जो तो मांडीवर पत्रक ठेवतो आणि प्रत्येक शर्यतीनंतर पेनानं चौकोन भरतो. त्यामुळे हे भोपळे तिच्या एकटीचे राहिलेच नव्हते, सगळ्या गावानं ते स्वहस्ते काढले होते.

हिशोब साधा असतो. चार जण, चार फेऱ्या. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि चौथ्याला तोंडभर लाल मुरूम. गाडी म्हणजे मोटरसायकल, पण तिला ब्रेक नाही, गिअर बदलणं नाही, वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि घसरत घसरतच पुढे जायचं. बोग्ना सतरा वर्षांची, वजन एकोणपन्नास किलो. सरावात ती ग्रात्सियानच्या मागोमाग राहायची. ग्रात्सियान म्हणजे क्लबचा दुसरा ज्युनियर, वीस वर्षांचा, केसांना जेल लावणारा. पण सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडाली आणि समोर परक्या गावची पोरं आली, की तिला काय व्हायचं कोण जाणे.

जूनमध्ये तर तिनं कहर केला. बाहेरगावच्या सामन्यात ती चक्क तिसरी होती. मागचा पोरगा पार अर्धा ट्रॅक मागे. एक गुण अगदी ओठाशी आलेला, आणि ही बाई अंतिम रेषा ओलांडून हात सोडून मोकळी! गाडी कडेला घेऊन लोकांकडे हात हलवायला लागली. शेजारून तो मागचा पोरगा भर्रकन निघून गेला. कारण झाल्या होत्या तीनच फेऱ्या.

"बोग्ना," गाड्या दुरुस्त करणारे लुत्सियान काका पिटमध्ये, त्यांच्या दुरुस्तीच्या जागेत, म्हणाले, "शाळेत गणिताला कोण आहे तुला?"

"काका, प्लीज."

"नाही, मला भेटायचंय त्यांना."

काका तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते स्वतः बारा वर्षं धावले होते, आणि त्यांच्या डाव्या पायात अजून सळई होती. ते कधी ओरडायचे नाहीत, नुसतं असं काहीतरी बोलून पाना शोधायला लागायचे. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

त्यानंतर महिनाभर बोग्ना सुरुवातीच्या रेषेवर आली, की पहिल्या वळणावरच्या बाकांवरून शंभर हात वर जायचे, प्रत्येकाची चार बोटं ताठ. पहिल्या वेळी ती घरी येऊन रडली. दुसऱ्या वेळी तिनंही हेल्मेटच्या आतून हसत चार बोटं उलट दाखवली. लोक खूश. तेव्हापासून तिची भीती गेली, पण भोपळा काही गेला नाही.

ऑगस्टच्या अखेरीस क्लबचे अध्यक्ष स्किबासाहेब पिटमध्ये आले. त्यांचा अळिंबीचा धंदा होता आणि त्यांच्या कोटाला कायम ओल्या खताचा वास यायचा.

"पोरी, तू गोड आहेस, लोकांना आवडतेस," ते म्हणाले. "पण मला बाहेरून एक पोरगा मिळतोय. शेवटचा सामना आपल्या घरी आहे. एक गुण आण, पुढच्या वर्षी जागा तुझी. नाही आणलास तर त्याची."

"एकच?"

"पूर्ण एक. सगळ्या मोसमात मिळून. ह्याहून कमी मागायला मला लाज वाटते."

सामना होईपर्यंतच्या दोन आठवड्यांत बोग्नानं घरी कुणाशी धड गप्पा मारल्या नाहीत. इतिहासाच्या तासाला ती वहीत वळणं काढायची. आई म्हणाली, "जागा गेली तर गेली, बारावी कर." त्यावर ती ताटावरून उठली, आणि आईच्या हातचे बटाट्याच्या पुरणाचे गोळे, जे ती एका बैठकीला चौदा खायची, तसेच राहिले. आईला तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शेवटचा रविवार कोरडा होता. प्रार्थना आणि जेवणं उरकून लोक आले, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले. पाण्याचा टँकर दोनदा फिरला तरी धूळ बसेना. दुसरी शर्यत ज्युनियर्सची. घरचे बोग्ना आणि ग्रात्सियान, पाहुण्यांचे दोघे. त्यातला एक कोस्मा नावाचा, ताडमाड उंच, कानापर्यंत पुळ्या.

"सुरुवातीला आत घुस, मग विचार कर," काका म्हणाले. "उलट नको."

फीत उडाली. बोग्ना आत घुसली. एप्रिलपासून जे जमलं नव्हतं ते एकदम जमलं. पहिल्या वळणातून ती तिसरी बाहेर पडली, पुढे ग्रात्सियान, त्याच्यामागे पाहुण्यांचा दुसरा पोरगा, आणि कोस्मा तिच्या मागे. पहिली फेरी. दुसरी. तिसरी. ह्या वेळी तिनं मोठ्यानं मोजलं. चौथी सुरू झाली आणि दुसऱ्या वळणावर कोस्मानं आतून नाक घातलं. त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागलं आणि दोघं गाड्यांसकट बाहेरच्या कठड्यापर्यंत घरंगळत गेली.

धूळ खाली बसेपर्यंत पुढचे दोघे अंतिम रेषा ओलांडून गेले होते. वाट अडली नव्हती, म्हणून पंचांनी शर्यत थांबवलीच नाही. पहिला ग्रात्सियान, दुसरा पाहुणा. तिसरा अजून कुणीच नव्हता.

बोग्ना उठली. हात हलतोय, पाय हलतोय. गाडीची चेन मात्र तुटून मुरमात सापासारखी पडलेली. शेजारी कोस्मा आपल्या गाडीला लाथ घालत होता. त्याचं हँडल वाकडं झालं होतं आणि मडगार्ड चाकावर घासत होतं.

आतल्या गवतावरून काका लंगडत धावत आले. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावला की ती बाद, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते.

"ढकल!" ते ओरडले. ते पहिल्यांदाच ओरडले होते. "बघतेस काय? ढकलत नेलीस तरी गुण मिळतो! वेळ आहे अजून! ढकल!"

गाडी सत्त्याहत्तर किलोंची. समोर अर्धा ट्रॅक. बोग्नानं हँडल धरलं आणि ढकलायला लागली. पाच पावलं गेली असेल तोच मागून खर्र खर्र आवाज आला. कोस्माही ढकलत होता.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. बियांची टरफलं उडाली.

"ए," कोस्मा धापा टाकत तिच्या बरोबरीला आला. "ऐक ना. मला एकही गुण नाही यंदा."

"मग मला काय ढीग आहेत?"

"म्हणून तर म्हणतो. दोघं एकदम रेषेवर जाऊ. बरोबरी. अर्धा तुला, अर्धा मला."

बोग्नाला हसू आलं, पण हसायला छातीत हवा नव्हती. तिनं खरंच विचार केला, तब्बल चार पावलं. पूर्ण एक, असं म्हणाले होते साहेब. अर्धा घेऊन गेलं तर ते खांदे उडवतील आणि त्या बाहेरच्या पोराला फोन लावतील.

"नाही जमणार. मला अख्खा लागतो."

"हावरट!"

"हो!"

मग कोस्मा चिडला आणि सुटलाच. त्याचे पाय लांब, दंड जाड. तिसऱ्या वळणाशी तो दहा पावलं पुढे होता. बोग्नाचा डावा पाय दर पावलाला घसरत होता, कारण डाव्या बुटाखाली लोखंडी नाल बांधलेली. वळणावर जमिनीला टेकवून घसरण्यासाठीच ती केलेली असते, पळण्यासाठी नाही.

ती थांबली.

"थांबतेस काय!" काकांचा आवाज फाटला.

तिनं वाकून पट्टा सोडला, नाल भिरकावली आणि पुन्हा ढकलायला लागली. आता कोस्मा पंधरा पावलं पुढे. पण तो नाल घालूनच होता, आणि घासणाऱ्या मडगार्डनं त्याचं चाक जड झालं होतं. चौथ्या वळणात तो एकदा गुडघ्यावर आला. सरळ रेषेत आणखी एकदा. बोग्नाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. लोक काय ओरडत होते ते तिला कळत नव्हतं, नुसता पावसासारखा आवाज. शेवटी दोन्ही पुढची चाकं शेजारी शेजारी आली. ती हँडलवर आडवी पडली आणि गाडी स्वतःसकट पुढे लोटली.

तिचं चाक वीतभर पुढे होतं. वर पंचांनी तिसऱ्या क्रमांकाचा निळा दिवा लावला. निळं हेल्मेट तिचं.

एक.

सगळ्या गावानं पेनं काढली.

पिटमध्ये ती बादलीशेजारी बसून ओकली. काकांनी तिला आंबवलेल्या काकडीचं पाणी पाजलं. स्किबासाहेब आले.

"हा काय गुण म्हणायचा?" त्यांनी विचारलं. "ढकलत आणलास."

"आणला ना?"

"मी गाडीवर बसून आण म्हणालो होतो."

"नाही," काका नटबोल्ट पुसत म्हणाले. "तुम्ही नुसतं 'आण' म्हणालात. मी इथंच होतो. आणि साहेब, बाहेर ते साडेतीन हजार लोक आहेत ना, त्यांना जाऊन सांगा की तुम्ही हिला काढताय. मी इथून ऐकतो."

साहेबांनी बाहेर पाहिलं. लोक अजून बसले नव्हते.

"सराव फेब्रुवारीत सुरू होतो," ते शेवटी म्हणाले. "उशीर करू नकोस."

ते गेल्यावर कोस्मा आला. एका हातात वाकडं मडगार्ड, नाकात कापूस.

"काय झालं? राहिलीस?"

"राहिले."

"अर्धा घेतला असतास तर?"

"तर गेले असते. अर्ध्यानं आमच्याकडे भागत नाही."

"आमच्याकडे भागलं असतं," कोस्मा म्हणाला. "आमच्या साहेबांनी नुसतं 'भोपळा फोड' म्हटलं होतं."

बोग्नानं त्याच्या हातातलं मडगार्ड पाहिलं. त्याला अजून दोन शर्यती होत्या, पण गाडीची ही दशा. ती काकांकडे वळली.

"काका, जास्तीचं हँडल आहे ना आपल्याकडे?"

काकांनी कोस्माकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आहे. पण पुढची तुझी शर्यतही ह्याच्याशीच आहे."

"माहितीये," बोग्ना म्हणाली, आणि पेटीत हँडल शोधायला लागली.