नांगर सोडण्याआधी

कियोएनं शेवटचं तापमान-यंत्र तारेवर बसवलं, बोल्ट दोनदा हिसडून पाहिला आणि हात वर केला. तशी तार सोडणारी विंच पुन्हा करकरू लागली आणि यंत्र जहाजाच्या मागच्या टोकावरून पाण्यात गेलं. सकाळी सोडलेला पिवळा बोया आता चार किलोमीटर मागे, लिंबाएवढा दिसत होता. बोया आणि जहाजामधली सगळी तार, बावीस यंत्रांसकट, समुद्रात होती. उरला होता फक्त नांगर. तीन टनांचं ते ओझं डेकच्या कडेला लटकत होतं. हूकची दोरी ओढायची, की ते सुटून तळाशी जाणार आणि वर्षभर सगळं धरून ठेवणार.

ती दोरी एकोणीस वर्षं कियोए त्सुगावाच ओढत आली होती.

पण आज न्याहारीच्या टेबलावर, मिसो सूपचा वाडगा तोंडाला लावता लावता, मोहिमेचे प्रमुख ओरितो सेन्सेई तरुण मदतनीस मुलीला सहज म्हणाले होते, "नागुमो, आज दोरी तू ओढ."

"हो, ओढू दे की," कियोएही म्हणाली होती. मग तिला समोरचा भाजलेला बांगडा संपवता आला नाही.

डेकचा मुकादम कुजी जिभेला हाड नसलेला माणूस. तो लगेच म्हणाला, "म्हणजे भाताचा डाव सुनेच्या हाती गेला म्हणायचा! आता सासूबाईंनी कोपऱ्यात बसून चहा प्यावा."

सगळे हसले. कियोएही हसली. नागुमो तेवढी हसली नाही, आणि कियोएला त्याचाच जास्त राग आला. तीन वर्षांपूर्वी हाचिनोहेच्या धक्क्यावर ही पोरगी आली तेव्हा तिला धड गाठ मारता येत नव्हती. गाठ कियोएनं शिकवली. लाटेच्या तालावर पाय कसे रोवायचे, तेही तिनंच शिकवलं. आता सेन्सेई नकाशा उघडताच आधी नागुमोला हाक मारत.

"ठिकाणापासून पाच मिनिटं!" वरून कप्तानाचा आवाज आला.

नागुमोनं दोरी हातात घेतली. कियोए बारा पावलं मागे, विंचला टेकून उभी होती. सवयीनं तिची नजर साखळीवरून फिरली आणि नांगराच्या वरच्या कडीवर थबकली. कडीच्या बोल्टात पिन नव्हती.

तो जोड नागुमोचा होता. तपासणीच्या तक्त्यावर सहीही तिचीच होती.

पिनेशिवाय बोल्ट आज टिकला असता, कदाचित महिनाभरही. मग प्रवाहाच्या थरथरीनं फिरत फिरत निघाला असता आणि सगळी तार कुठल्या कुठे वाहून गेली असती. तेव्हा तक्ता उघडला गेला असता. पुढच्या वर्षी दोरी कोणाला द्यायची, हे विचारावंच लागलं नसतं.

कियोएच्या खिशात पिना होत्या. तिची बोटं त्यांना लागली आणि तिथंच राहिली.

"दोन मिनिटं!"

नागुमोनं मागे वळून पाहिलं. वाऱ्यानं तिचे डोळे बारीक झाले होते. तिनं कियोएकडे बघून किंचित मान लववली आणि पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. कियोए हलली नाही.

"दहा… नऊ… आठ…"

"थांबा!"

स्वतःचा आवाज तिला परक्यासारखा वाटला. ती सुरक्षेचा पट्टा अडकवून कडेपर्यंत गेली, वाकली, पिन घातली आणि पकडीनं तिची टोकं वाकवली. नागुमोचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"चूक बारा पावलांवरून दिसली!" ओरितो सेन्सेई धावतच आले. "उगाच नाही मी तुमच्याशिवाय बंदर सोडत. घ्या, आता दोरी तुम्हीच ओढा."

सकाळपासून जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हेच. नागुमोनं दोरी तिच्यापुढे धरली.

"नको," कियोए म्हणाली. "तिचं काम आहे, तिलाच करू द्या."

जहाज वळून पुन्हा ठिकाणावर आलं. नांगर सुटला, पांढरं पाणी उसळलं, आणि दूरचा बोया कुणीतरी खेचल्यासारखा त्यांच्याकडे सरकू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कियोए डेक धूत होती तेव्हा नागुमो जवळ आली.

"त्सुगावा-सान, तुम्हाला ती चूक आधीच दिसली होती ना?"

कियोए पाण्याची धार फिरवत राहिली.

"मी मागे पाहिलं तेव्हा तुम्ही कडीकडेच बघत होतात. माझी चूक मलाच सापडावी म्हणून थांबला होतात तुम्ही. आणि मला सापडली नाही." तिनं कंबरेतून वाकून मान खाली घातली. "पुढच्या वेळी सापडेल. शिकवलंत, उपकार आहेत तुमचे."

वाकलेल्या त्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग होते. कियोए त्यांच्याकडे बघत राहिली.

"तसं नव्हतं," ती म्हणाली.

नागुमोनं मान वर केली. "काय? ऐकू नाही आलं."

पाण्याच्या आवाजात पुढचं ओरडून सांगावं लागलं असतं. कियोएनं वाकून नळ बंद केला.